टांझानियाला जायचंय, पण बोलावलंय कुणी?

पत्राचा सारांश: सोलापुरातल्या एका सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या निवासी डॉक्टरचं हे पत्र. तिला आणि तिच्या दोन सहकाऱ्यांना टांझानियातल्या एका मिशन हॉस्पिटलात दोन महिन्यांचं ‘ग्लोबल हेल्थ रोटेशन’ करायचं आहे. एका एजन्सीनं माणशी 2 लाख 80 हजारांत सगळं जमवून देतो असं सांगितलंय. फिस्टुलाची (अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनिमार्ग यांमध्ये पडलेलं भोक बुजवण्याची) ऑपरेशन्स स्वतःच्या हातानं करायला मिळतील, वर एक पेपरही होईल, असं आश्वासन आहे. विभागप्रमुख म्हणतात, आधी थिसिस. वडील म्हणतात, एवढा पैसा घालायचाच तर अमेरिकेला जा, आफ्रिकेत कुणाच्या भरवशावर राहणार? पत्रलेखिकेचं म्हणणं असं: “तिथं डॉक्टरच नाहीत, म्हणजे आमचा उपयोगच होईल. आपण तर कोटणीसांच्या गावचे. मग सगळे अडवतात कशाला?”

प्रिय डॉक्टर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एजन्सीबद्दल त्यात भरपूर आहे, विमानभाड्याबद्दल आहे, विभागप्रमुखांच्या हट्टाबद्दल तर सविस्तर आहे. ज्या हॉस्पिटलात जायचं त्याच्याबद्दल मात्र गावाचं नाव आणि ‘वेबसाइट छान आहे’ एवढंच. तिथल्या एकाही माणसाशी तुमचं बोलणं झालेलं नाही. प्रसूतिकक्ष कोण चालवतं, महिन्याला प्रसूती किती, तुमच्याशेजारी ऑपरेशनला कोण उभं राहणार, यातलं काहीही तुम्हाला ठाऊक नाही. त्या लोकांना तुम्ही येताय हे माहीत आहे का, हेही पत्रावरून कळत नाही.

म्हणून मला वाटतं, वडिलांचा प्रश्न तुम्ही उगाच मनाला लावून घेतलात. ‘कुणाच्या भरवशावर’ हा सगळ्या प्रकरणातला सर्वात नेमका प्रश्न आहे. त्याचं उत्तर एजन्सी असू शकत नाही, कारण रात्री दोन वाजता रक्तस्राव थांबत नसेल तेव्हा एजन्सीचा माणूस तिथं नसणार.

आता तुमचं मुख्य गृहीतक. तिथं डॉक्टर कमी आहेत हे खरं. पण त्यावरून तिथं काम येणारी माणसं नाहीत, असं होत नाही. टांझानियानं फार पूर्वीपासून असिस्टंट मेडिकल ऑफिसर नावाचा एक वर्ग तयार केला. हे एमबीबीएस नसतात. आधी क्लिनिकल ऑफिसर म्हणून काम, मग पुढचं प्रशिक्षण, आणि त्यानंतर जिल्हा पातळीवर सिझेरियनसकट तातडीच्या शस्त्रक्रिया ते करतात. ग्रामीण टांझानियातली सिझेरियन वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणावर याच लोकांच्या हातून झालेली आहेत. तुम्ही जाल त्या मिशन हॉस्पिटलात असा एखादा पन्नाशीचा गृहस्थ असेल, तर त्यानं केलेली सिझेरियन तुमच्या अख्ख्या युनिटपेक्षा जास्त असू शकतात. तो उत्तम स्वाहिली बोलतो, रक्तपेढी कुठं आणि तिची चावी कुणाकडे हे त्याला माहीत असतं. तुम्हाला बाईला ‘आता जोर कर’ एवढंही तिच्या भाषेत सांगता येणार नाही. लग्नघरी मदतीला म्हणून आलेली आणि मीठ कुठंय, पातेलं कुठंय विचारत आचाऱ्याच्या पायात येणारी पाहुणी आठवते ना? पहिले दोन-तीन आठवडे प्रत्येक परदेशी निवासी डॉक्टर तशीच असते. तुम्ही हुशार आहात म्हणून यात फरक पडत नाही. तुम्हाला सगळं दाखवायला, तुमच्यासाठी भाषांतर करायला एक नर्स लागते, आणि ती नर्स तेवढा वेळ पेशंटपासून दूर असते. ही किंमत एजन्सीच्या बिलात कुठंच लिहिलेली नाही.

फिस्टुलाबद्दल जरा स्पष्टच लिहिते. अडलेली बाळंतीण दोन-दोन दिवस तशीच राहते, बाळाच्या डोक्याच्या दाबानं मूत्राशय आणि योनिमार्ग यांमधला भाग मरतो, भोक पडतं आणि ती बाई कायमची ओली राहते. घरातून, गाडीतून, कार्यातून बाहेर फेकली जाते. अशा बाईच्या दृष्टीनं पहिलं ऑपरेशन सर्वात महत्त्वाचं, कारण भोक बुजण्याची शक्यता पहिल्या वेळी सगळ्यात जास्त असते आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर ती घटत जाते. म्हणूनच या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण टप्प्याटप्प्यानं देतात. सोप्या केसेस आधी, अवघड नंतर, आणि निवडही अशांची करतात की जे पुढची अनेक वर्षं त्याच भागात हेच काम करणार आहेत. आठ आठवड्यांसाठी आलेल्या सोलापूरच्या दुसऱ्या वर्षाच्या डॉक्टरला कुणी ‘स्वतःच्या हातानं’ फिस्टुला देत असेल, तर तिथल्या एका शिकाऊ सर्जनची संधी गेली आणि एका बाईची पहिली, सर्वात चांगली वेळ पणाला लागली. हे आश्वासन खोटं असेल तर तुमचे पैसे बुडाले. खरं असेल तर त्याहून वाईट.

एक साधी कसोटी सांगते, इतरांनाही उपयोगी पडेल. जे काम आपल्या सिव्हिलमध्ये तुमचे सर तुम्हाला एकटीला करू देत नाहीत, ते परदेशात एकटीनं करायचं नाही. पेशंट गरीब आहे आणि तक्रार करणार नाही, म्हणून हात साफ करून घेणं इथंही गैर आणि तिथंही. परदेशी प्रशिक्षणार्थींसाठी 2010 साली एका आंतरराष्ट्रीय कार्यगटानं नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांचा रोख हाच आहे: यजमानांवर पडणारा बोजा मोजा, देखरेखीशिवाय काम करू नका, आणि फायदा दोन्ही बाजूंना होतो का ते बघा. पाश्चात्त्य विद्यापीठांतली मुलं डोळ्यापुढं ठेवून ती लिहिली गेली, पण आपण भारतातून जातो म्हणून आपल्याला सूट मिळत नाही. ‘आम्हीही गरीब देशातलेच’ हा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकलाय. मला तो कधी पटलेला नाही.

मग तिथं शिकण्यासारखं काही नाही का? भरपूर आहे, पण ते एजन्सीच्या माहितीपत्रकात नाही. 2023 साली ई-मोटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतली सुमारे 80 रुग्णालयं, दोन लाखांहून जास्त प्रसूती. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे डोळ्यांनी अंदाजायचं सोडून त्यांनी बाईखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवीसारखी चादर अंथरली आणि रक्त प्रत्यक्ष मोजलं. ठरावीक खुणेपर्यंत आलं की डॉक्टरची वाट न बघता सुईणीनंच एकामागून एक सगळे उपचार सुरू करायचे: गर्भाशयाला मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी. तीव्र रक्तस्राव, रक्तस्रावापायी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी झालं. त्यात नवं औषध एकही नव्हतं, सगळी तुमच्या लेबर रूमच्या ट्रॉलीत आहेत. बदलला तो क्रम, आणि ‘कुणी सुरुवात करायची’ याचा निर्णय.

त्या खुणांच्या चादरीचा उगमही आपल्या शेजारचा आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या सहभागानं खेड्यांत मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठीच्या गोळ्यांचा जो प्रसिद्ध अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. नर्स घरी किंवा उपकेंद्रावर प्रसूती करत होत्या, तिथं रक्त मोजायचं कसं, या अडचणीतून अशी चादर तयार झाली. म्हणजे बेळगावकडची कल्पना आफ्रिकेत जाऊन सिद्ध झाली. आता तुम्ही तिथल्या एखाद्या लेबर रूममध्ये तीन आठवडे नुसत्या उभ्या राहिलात, तिथल्या सुईणी डॉक्टरला न विचारता हे कसं करतात, पहिल्यांदा कुणी नाकं मुरडली, चादरी संपल्यावर काय करतात हे टिपून आणलंत, तर सोलापूरला त्याचा उपयोग आहे. आपल्याकडं अक्कलकोट, मंगळवेढा, सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या गावांतून रिक्षात, जीपमध्ये रक्तस्राव होत आलेल्या बायका तुम्ही दर आठवड्याला बघता. तुमच्या युनिटमध्ये अशी चादर वापरतात का? नसेल तर उद्यापासून सुरू करायला पासपोर्ट लागत नाही.

ग्लोबल हेल्थ म्हणजे विमानानं जावं लागतं, हेही जरा तपासून बघा. बार्शी तुमच्याच जिल्ह्यात. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाशी जोडलेली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली सुरू झाली, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख तीस हजारांवर बायकांचा अभ्यास बार्शीवरून चालवला गेला. एचपीव्ही या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या एकाच तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी होतात, हे त्यातून 2009 मध्ये जगापुढं आलं. या कर्करोगाच्या तपासणीबद्दल जगात कुठंही चर्चा झाली की या अभ्यासाचं नाव निघतं. त्यावर वादही झाला, आणि तो तुम्ही जरूर वाचावा: ज्या गटातल्या बायकांची तपासणी केलीच नाही, त्यांच्या मृत्यूंचं काय, असा तो प्रश्न होता. गरीब बाईच्या अंगावर आपण किती आणि कशा अटींवर शिकायचं, याचा धडा सोलापूरहून दीड-दोन तासांवर आहे. तुमच्यापैकी किती निवासी डॉक्टर तिथं एकदा तरी गेलेत?

कोटणीसांचं नाव तुम्ही काढलंत. भय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात तुम्ही गेला असाल असं धरून चालते. 1938 साली ते चीनला गेले ते चिनी सेनानी चू तेह यांनी नेहरूंना डॉक्टर पाठवा अशी विनंती केली होती म्हणून. बोलावणं आधी आलं. पाच डॉक्टरांचं पथक होतं. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, चिनी शिकले, तिथं लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 ला वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी तिथंच गेले. तुम्ही चार वर्षं राहा असं कुणी म्हणत नाही. पण त्यांचं नाव घेऊन आठ आठवड्यांचं पॅकेज विकत घेणं मला खटकतं, एवढं बोलू द्या.

आता व्यवहाराचं. पत्रातला ‘दोन महिने’ हा आकडा आधी खोडा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर नियमांप्रमाणे निवासी डॉक्टरला वर्षाला 20 किरकोळ रजा आणि 5 शैक्षणिक रजा मिळतात, आणि 80 टक्के हजेरी लागते. घरचं एकही लग्न, एकही आजारपण न येता सगळ्या रजा एकत्र दिल्या तरी तीन-साडेतीन आठवडे होतात. शिवाय तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तीन महिन्यांची जिल्हा निवासी सेवा, तुमची डीआरपी, सक्तीची आहे. ती टांझानियात करता येत नाही. एजन्सीनं ‘कॉलेजचं आम्ही बघून घेतो’ म्हटलं असेल तर ते कसं बघणार हे लेखी मागा. मग उत्तर येतं का बघा. परवानगी अधिष्ठात्यांची, लेखी, तारखांसह. विद्यापीठाचा प्रश्न येत असेल तर तोही कॉलेजमार्फत. नुसत्या तोंडी ‘जा’ वर जाऊ नका. हजेरी कमी पडली तर परीक्षेचं सत्र तुमचं जाईल, ‘जा’ म्हणणाऱ्याचं नाही.

तिकडची बाजू: महाराष्ट्राची नोंदणी टांझानियात चालत नाही. पेशंटला हात लावायचा असेल तर तिथल्या मेडिकल कौन्सिल ऑफ टांगानिकाची तात्पुरती नोंदणी लागते, त्यासाठी आपल्या कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि कारवाई नाही असा दाखला, आधीच मागवून ठेवावं लागतं. पर्यटक व्हिसावर जाऊन वॉर्डात काम करणं हा कायदा मोडणं आहे, मग कितीही सेवाभाव असो. नुसतं निरीक्षण करायचं असेल तरी ‘निरीक्षक’ असं लिहिलेलं हॉस्पिटलचं पत्र जवळ हवं. इथला तुमचा इन्डेम्निटी विमा (पेशंटनं दावा केला तर कामी येणारा) तिथं लागू आहे का, विमा कंपनीला लेखी विचारा. आणि तो ‘पेपर’ विसरा. टांझानियात संशोधन करायचं तर तिथल्या राष्ट्रीय संस्थेची नैतिक परवानगी लागते, तिला महिने जातात. आठ आठवड्यांत निघणारा पेपर म्हणजे कुणाच्या तरी केसपेपरचे परवानगीशिवाय काढलेले फोटो.

तब्येतीचं तुम्हाला मी काय सांगणार, पण डॉक्टरच याबाबत सर्वात निष्काळजी असतात. सुई टोचली तर एचआयव्हीसाठीची औषधं 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. ती त्या हॉस्पिटलात रात्रीही मिळतात का, हे निघण्यापूर्वी विचारा. नाही म्हणाले तर सुरुवातीचे डोस इथूनच घेऊन जा. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही सांगितल्याप्रमाणे पुऱ्या करायच्या, डॉक्सीसायक्लिन असेल तर परत आल्यावर चार आठवडे. नंतर ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणत अंगावर काढू नका. पिवळ्या तापाची लस निदान 10 दिवस आधी हवी. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, त्यासाठी पुण्या-मुंबईची एक खेप धरा. वाटेत नैरोबी किंवा आदिस अबाबाला मुक्काम असेल तर परतताना भारतात प्रमाणपत्र मागू शकतात, हेही तिकीट काढतानाच बघा.

वडिलांच्या अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिथली ऑब्झर्वरशिप, म्हणजे नुसतं बघत शिकणं, ही वेगळ्या हेतूची गोष्ट. पुढं तिकडं नोकरी करायची असेल तर शिफारसपत्रासाठी तिचा उपयोग. तुम्हाला ते नको असेल तर तसं सरळ सांगा. पण ‘आफ्रिका की अमेरिका’ असा वाद घालत बसू नका. त्यांची काळजी देशाची नाही, भरवशाची आहे, आणि यजमानाचं नाव-गाव असलेलं पत्र हातात पडलं की ती बरीचशी मिटेल.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? एजन्सी सोडली असती. त्या हॉस्पिटलच्या मेडिकल सुपरिंटेंडेंटना थेट ईमेल लिहिला असता, छोटा. आम्ही कोण, काय येतं आणि काय येत नाही. तुमच्याकडं बाहेरचे प्रशिक्षणार्थी आले तर त्रास होतो का, उपयोग होतो का. आमच्यावर देखरेख कोण करेल. तुमच्याच विद्यार्थ्यांच्या केसेस आमच्यामुळं कमी होणार असतील तर आम्ही येत नाही. फी काय ती थेट हॉस्पिटलच्या खात्यावर भरू. आणि शेवटी: तुमच्याकडचं कुणी सोलापूरला यायला तयार असेल तर आमच्या विभागाकडून काय लागेल? या शेवटच्या ओळीवर विभागप्रमुखांची संमती आधी घ्या. एकतर्फी जाण्याला ‘देवाणघेवाण’ म्हणणं बरं दिसत नाही. शिवाय विभागाचं नाव आलं की हा तुमचा खासगी हट्ट राहत नाही. यायला तिकिटाचे पैसे नसतील तर महिन्यातून एकदा व्हिडिओवर केस चर्चा सुरू करा. त्यांच्या-आपल्या वेळेत फक्त अडीच तासांचं अंतर आहे, आपले दुपारचे साडेचार म्हणजे त्यांचे दोन. सहा महिने हे नीट चाललं तर ती माणसं तुम्हाला ओळखायला लागतील, आणि नाही चाललं तर तुमचे 2 लाख 80 हजार वाचले.

या वर्षी डीआरपी मन लावून करा, सही करून पळून यायची जागा म्हणून करू नका. दुसऱ्या वर्षाची डॉक्टर ग्रामीण यंत्रणेत नवी पडली की तिला काय काय सापडत नाही, याची रंगीत तालीम तिथंच होते. पीजी आणि बाँडची सेवा संपल्यावर तुम्ही स्वतंत्र स्त्रीरोगतज्ज्ञ असाल. तेव्हा सहा महिन्यांसाठी गेलात, जाण्याआधी स्वाहिलीचा प्राथमिक अभ्यास केलात, तर तुम्ही कुणी रजेवर गेलं तर त्यांचं काम सांभाळू शकता, कुणाला शिकवू शकता. टांझानियानं नाकारलं आणि दुसऱ्या देशानं बोलावलं तर तिकडं जा. मात्र आत्ताच जायची इच्छा दाबवत नसेल, तर तीन आठवडे, फक्त निरीक्षक म्हणून, यजमानाचं पत्र आणि अधिष्ठात्यांची परवानगी या दोन्ही गोष्टी हातात आल्यावर. तिघींनी एकदम जाऊ नका. एका छोट्या लेबर रूमला तीन पाहुण्या म्हणजे फार झालं.

विभागप्रमुखांकडं परत जाताना भाषण घेऊन जाऊ नका, एक पान घेऊन जा. त्यावर थिसिसच्या किती केसेस झाल्या आणि उरलेल्या कोणत्या महिन्यात होतील, रजेचा हिशेब, तुमच्या ड्यूट्या कोण घेणार त्यांची नावं, आणि त्या ईमेलचा मसुदा. सरांना मसुद्यात दुरुस्त्या करू द्या. सही त्यांचीही हवी म्हणा.